‘पिल्लूच तर आहे!’ असे म्हणू नका

दत्ताच्या तसबिरीत पायांशी चार कुत्री असतात. खंडोबाच्या चित्रात घोड्याबरोबर एक कुत्रा धावत असतो. त्यामुळे मराठी घराला कुत्रा परका नाही. शिराळ्यासारख्या गावात तर वस्तीवर, मळ्यात, गोठ्यापाशी कुत्रा नाही असे घर शोधावे लागेल. हल्ली गावातल्या बंगल्यांतून आणि बिऱ्हाडांतूनही पामेरियन, अल्सेशियन, लॅब्राडोर अशी कुत्री दिसू लागली आहेत. कुणी हौसेने कारवानी किंवा मुधोळ जातीचे पिल्लू आणतो. पण बहुतेक घरांत कुत्रा येतो तो वेगळ्याच वाटेने. शाळा सुटल्यावर मुलगा रस्त्याकडेच्या कुत्रीचे एखादे पिल्लू छातीशी धरून घरी आणतो. आई आधी रागावते, मग वाटीभर दूध पुढे ठेवते. संध्याकाळपर्यंत पिल्लाचे नाव ठरते आणि रात्री त्याच्यासाठी पोते अंथरले जाते.

यात काही गैर नाही. मुलांना मुक्या प्राण्याचा लळा लागावा हे चांगलेच. मात्र या कौतुकाच्या दिवसांत घरात एक वाक्य वरचेवर ऐकू येते आणि तेच घात करते. ‘पिल्लूच तर आहे, मोठे झाल्यावर लस देऊ.’ ‘पिल्लूच तर आहे, असे किती खाणार, उरलेसुरले पुरे.’ आणि ‘पिल्लूच तर आहे, खेळताना दात लागला तर काय झाले?’ पहिल्या दोन वाक्यांची किंमत बहुधा पिल्लू मोजते. तिसऱ्या वाक्याची किंमत घरातल्या मुलाला मोजावी लागू शकते. म्हणून या तिन्ही समजुतींचा आज क्रमाने विचार करू.

घरी कधी आणावे?

पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. डोळे उघडले, चालायला लागले म्हणजे पिल्लू सुटे झाले असे नव्हे. चौथ्या आठवड्यापासून ते थोडेथोडे पातळ अन्न चाटू लागते, पण आईचे दूध त्याला आणखी काही दिवस लागतेच. शिवाय भावंडांशी खेळताना ते एक महत्त्वाचा धडा शिकते. जोरात चावले की समोरचे पिल्लू ओरडते आणि खेळ थांबतो. जबड्याचा जोर किती लावायचा हे त्याला अशाच खेळातून कळते. महिन्याच्या आत उचलून आणलेली पिल्ले पुढे जास्त चावरी होतात, त्याचे एक कारण हे आहे.

रस्त्यावरच्या कुत्रीचे पिल्लू आणले असेल तर ते कधी जन्मले आणि त्याची आई कशी आहे याची शेजारपाजारी चौकशी करावी. आई धडधाकट हिंडत आहे, की अचानक नाहीशी झाली किंवा विचित्र वागून मेली? ही माहिती पुढे फार मोलाची ठरते. ती का, हे शेवटी येईलच.

लस एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा का?

गाय व्याली की पहिल्या दिवसांचा चीक वासराला पाजलाच पाहिजे, हे आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. कुत्रीचेही तसेच आहे. पहिल्या दिवसभरातल्या दुधातून आईची रोगप्रतिकारक शक्ती पिल्लाला मिळते. ही उसनी शक्ती काही आठवडे टिकते आणि हळूहळू ओसरते. एखाद्या पिल्लात ती सहाव्या आठवड्यातच संपते, तर एखाद्यात चौथ्या महिन्यापर्यंत रेंगाळते.

अडचण अशी की, ही उसनी शक्ती अंगात असेपर्यंत टोचलेली लसही ती निकामी करते. आणि ती संपल्यावर लस दिलेली नसेल तर पिल्लू उघड्यावर पडते. कोणत्या पिल्लात ती नेमकी केव्हा संपली हे बाहेरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस देऊन पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत, ती पुन्हा द्यावी लागते. ‘एक इंजेक्शन दिले होते, तरी पिल्लू गेले’ अशी तक्रार ऐकू येते, तिचे उत्तर बहुतेक वेळा येथे असते. पहिल्या मात्रेनंतर मालक पुन्हा दवाखान्यात गेलेलाच नसतो.

या एकत्रित लसीत डिस्टेंपर, पार्व्हो, यकृताचा एक संसर्गजन्य आजार आणि लेप्टोस्पायरोसिस यांपासून संरक्षण असते. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात द्यावी, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे महिनाभराने तिची दुसरी मात्रा द्यावी आणि त्यानंतर दरवर्षी न चुकता टोचून घ्यावी. लस दिल्यापासून अंगात पुरेशी शक्ती तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात. लस टोचली आणि दुसऱ्या दिवशी पिल्लू रस्त्यावर मोकळे सोडले, असे करू नये.

आणखी एक गोष्ट. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. दुकानातून विकत घेऊन खिशात घातली, उन्हातून मोटारसायकलवरून नेली आणि सवडीने संध्याकाळी टोचली, तर ती पाण्यासारखीच. बर्फाच्या डब्यातून आणावी किंवा सरळ पिल्लालाच दवाखान्यात न्यावे. प्रत्येक लसीची तारीख आणि बाटलीवरचे लेबल कार्डावर चिकटवून घ्यावे. हे कार्ड मुलांच्या लसीच्या कार्डाइतकेच जपावे.

‘आमच्या आजाने आयुष्यभर कुत्री पाळली, त्यांना कुठली लस होती?’ असे जुनी माणसे विचारतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु पार्व्हो हा रोग कुत्र्यांमध्ये जगाला प्रथम १९७८ च्या सुमारास दिसला. आजोबांच्या काळी तो नव्हताच. रोग नवा आला, तशी काळजीही नवी घ्यावी लागणार.

कुत्र्यांचा ‘गॅस्ट्रो’

याच पार्व्होला आपल्याकडे ‘गॅस्ट्रो’ म्हणतात. कालपर्यंत खेळणारे पिल्लू एकाएकी मलूल होते, खाणे सोडते, ओकू लागते आणि नंतर त्याला रक्तमिश्रित, अतिशय घाण वासाची हगवण लागते. लस न दिलेल्या पिल्लांत उपचारावाचून बहुतेक पिल्ले दोन-तीन दिवसांत दगावतात. मरण येते ते मुख्यतः अंगातले पाणी संपल्यामुळे आणि आतड्याच्या फाटक्या अस्तरातून जंतू रक्तात शिरल्यामुळे. वेळेवर सलाईन व इतर औषधे मिळाली तर अनेक पिल्ले वाचतात. म्हणून पहिल्या दोन उलट्यांनंतरच दवाखाना गाठावा. ‘उद्यापर्यंत बघू’ म्हणण्याइतका वेळ हा रोग देत नाही. माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या किंवा ताक-भात देत बसू नये. ओकणाऱ्या पिल्लाच्या तोंडात बळेच काही ओतले तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

ज्या घरात पिल्लू या रोगाने गेले, तेथील जमिनीत विषाणू कित्येक महिने, कधी वर्षभरही टिकतो. साध्या फिनाइलने तो मरत नाही. फरशी आधी स्वच्छ धुऊन मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसावी, अंथरूण जाळून टाकावे. मुले रडतात म्हणून आठवड्याच्या आत त्याच जागी लस नसलेले दुसरे पिल्लू आणणे म्हणजे त्यालाही मरणाच्या दारी बांधणे होय.

डिस्टेंपरमध्ये ताप, डोळ्या-नाकातून घट्ट स्राव, खोकला आणि पुढे अंगाला झटके येतात. या रोगाचा संबंध केवळ घरातल्या कुत्र्याशी नाही. २०१८ साली गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा त्यांतल्या काहींत याच रोगाचा विषाणू सापडला होता. शिराळा तालुक्याच्या पश्चिमेला चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान आहे. जंगलाच्या कडेच्या वस्त्यांवरची कुत्री लस घेतलेली असली, तर त्याचा लाभ जंगलातल्या जनावरांनाही होतो.

जंत: पिल्लाचे आणि मुलांचे

पोट फुगलेले, अंगावर मांस नाही, केस निस्तेज, असे पिल्लू दिसले की लोक म्हणतात, ‘खाऊन खाऊन पोट सुटलंय.’ प्रत्यक्षात ते पोट बहुधा जंतांचे असते. गोल जंत आईच्या पोटात असतानाच पिल्लाच्या अंगात शिरतात, तर आकडे जंत दुधावाटे येतात. म्हणून स्वच्छ घरातल्या पिल्लालाही जंत असतात. दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनंतर दरमहा आणि सहा महिन्यांनंतर दर तीन महिन्यांनी जंतांचे औषध द्यावे. मात्रा वजनावर ठरते, तेव्हा ती डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

हे औषध घरातल्या माणसांसाठीही आहे. पिल्लाच्या विष्ठेतून गोल जंतांची अंडी मातीत जातात. त्याच मातीत खेळून हात न धुता जेवणाऱ्या मुलाच्या पोटात ती गेली, तर त्यातून निघालेल्या अळ्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यातही पोहोचतात.

दुसरा धोका मटणाच्या दुकानापासून सुरू होतो. मेंढी-बकऱ्याची फेकून दिलेली कच्ची आतडी, काळीज, फुप्फुसे कुत्र्याला घालण्याची पद्धत सर्रास आहे. त्यात एका लहानशा पट्टकृमीची गाठ असू शकते. ती खाल्ल्यावर कुत्र्याच्या आतड्यात कृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि माणसाच्या पोटात गेली तर त्याच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या मोठ्या गाठी तयार होतात. मग शस्त्रक्रियेची वेळ येते. तेव्हा कुत्र्याला मांस घालायचे तर ते चांगले शिजवूनच घालावे.

नुसत्या भाकरी-दुधावर भागत नाही

आपल्याकडच्या कुत्र्यांचा पिढीजात आहार म्हणजे भाकरी आणि दूध किंवा ताक. मोठा कुत्रा त्यावर कसाबसा तगतो, कारण तो बाहेर हिंडून इतरही काही मिळवतो. दारात बांधलेल्या, वाढत्या वयाच्या पिल्लाला मात्र प्रथिने कमी पडतात. हाडे वाकडी होणे, केस गळणे, सतत आजारी पडणे, माती खाणे हे त्याचे परिणाम.

महागडे तयार खाद्य परवडलेच पाहिजे असे नाही. भाकरी किंवा भात, त्यात घट्ट शिजवलेली डाळ, रोज एखादे उकडलेले अंडे, आठवड्यातून दोन-तीनदा हाडे काढून शिजवलेले कोंबडीचे मांस, थोडे दही, शिजवलेला लाल भोपळा किंवा गाजर, एवढ्यावर पिल्लू उत्तम वाढते. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि नंतर दोन वेळा खायला द्यावे. ताजे पाणी दिवसभर समोर हवे. गाई-म्हशीचे दूध काही पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात. तसे दिसल्यास दूध बंद करून दही द्यावे. कॅल्शियमची बाटली मनाने आणून पाजू नये. मोठ्या जातीच्या पिल्लांत कॅल्शियम जास्त झाले तरी हाडे बिघडतात.

काही पदार्थ मात्र अजिबात देऊ नयेत. कांदा व लसूण यांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून घरातली आमटी, रस्सा भाकरीवर ओतून घालणे बंद करावे. चॉकलेट त्याच्या हृदयाला व मेंदूला बाधते. द्राक्षे आणि बेदाण्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. आपला जिल्हा द्राक्ष-बेदाण्याचा, घरोघरी डब्यात बेदाणे असतात आणि मुले प्रेमाने चार दाणे पिल्लाला देतात. मुलांना हे आवर्जून सांगून ठेवावे. शिजवलेले कोंबडीचे हाड मोडताना त्याची टोकदार कपची होते. ती घशात रुतते किंवा आतडे फाडते. ताप किंवा लंगडणे दिसले म्हणून माणसांच्या अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला कधीही देऊ नयेत. त्यांनी पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंड व यकृत बिघडते.

गोचीड, लूत आणि आंघोळ

गोठ्याशेजारी राहणाऱ्या कुत्र्याला गोचीड लागणारच, असे धरून चालले जाते. परंतु गोचीड केवळ रक्त पीत नाही, रोगही देते. गोचीड-तापात कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद तांबूस होते, कधी नाकातून रक्त येते. यांपैकी काही दिसले तर रक्त तपासून घ्यावे. कानांच्या आत, गळपट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत रोज हात फिरवून पाहावे. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी आणि साबणाच्या किंवा स्पिरिटच्या पाण्यात टाकावी. नखाने चिरडू नये.

उसावर, भातावर फवारायचे औषध पाण्यात कालवून कुत्र्याला त्याने आंघोळ घालणे हा जीवघेणा प्रकार आहे. कुत्रा अंग चाटतो, औषध पोटात जाते, तोंडाला फेस येतो आणि अंगाला झटके येऊन तो मरतो. तीच गोष्ट लुतीवर जळके ऑइल चोळण्याची. लूत म्हणजे कातडीतल्या अतिसूक्ष्म किड्यांचा रोग. ऑइलने कातडी भाजते आणि ते चाटल्याने यकृत बिघडते. दोन्हींवर सुरक्षित औषधे मिळतात. कोणते औषध किती वयाच्या पिल्लाला चालते हे मात्र विचारूनच वापरावे. गोचिडीची अंडी भिंतींच्या फटींत असतात, म्हणून कुत्र्याबरोबर त्याची जागाही साफ करावी.

लसीचे वेळापत्रक पूर्ण होईपर्यंत लहान पिल्लाला डोक्यावरून पाणी ओतून आंघोळ घालू नये, ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे. पुढे दोन-तीन आठवड्यांतून एकदा कोमट पाण्याची आंघोळ पुरते. कपड्यांचा साबण वापरू नये.

आपल्या भागात विशेष काय जपावे?

आरळा, मणदूरकडे पावसाळ्यात धो धो पाऊस असतो. इतरत्रही ओल हटत नाही. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू येतात. ते कुत्र्याला बाधतात आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही. म्हणून कुत्र्याची जागा जमिनीपासून वीतभर उंच आणि कोरडी असावी. लघवी-विष्ठा साफ करताना हातापायांना जखम असेल तर ती झाकावी.

सापाची ओळख शिराळकरांना नव्याने करून द्यायला नको. पण साप दिसला की कुत्रा मागे हटत नाही, भुंकत पुढे जातो आणि तोंडावर किंवा पायावर दंश घेतो. अशा वेळी जखम कापणे, चोखणे, दोरी आवळणे यात वेळ घालवू नये. कुत्र्याला चालवत नेऊ नये, उचलून ताबडतोब दवाखान्यात न्यावे. माणसाला देतात तेच सर्पविषावरचे औषध कुत्र्यालाही लागू पडते.

उसाच्या पट्ट्यात आणि डोंगरालगत बिबट्याचा वावर आहे. उघड्यावर साखळीने बांधलेला कुत्रा त्याला सहज सापडते. शिवाय कुत्र्याच्या मागे बिबट्या दारापर्यंत येतो, हा घरच्यांनाही धोका. रात्री कुत्र्याला बंद गोठ्यात किंवा पडवीत जाळीच्या आत घ्यावे.

उन्हाळ्यात कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकत अंग थंड करतो. पत्र्याखाली दुपारी बांधलेला कुत्रा उष्माघाताने मरू शकतो. झाडाची सावली आणि पाण्याची घमेली या दोन गोष्टी पुरेशा आहेत.

साखळी आणि स्वभाव

‘बांधून ठेवला की कुत्रा तिखट होतो’ असे मानतात. तिखट होत नाही, भित्रा आणि चावरा होतो. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाने जी माणसे, आवाज, जनावरे पाहिली, त्यांची त्याला पुढे भीती वाटत नाही. या वयात त्याला घरातल्या सगळ्यांनी हाताळावे, पाहुण्यांशी ओळख करून द्यावी. बाहेर मात्र लस पूर्ण होईपर्यंत कडेवरच न्यावे. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास दोरी धरून फिरवावे. मारून काही शिकवू नये. योग्य ठिकाणी शी-शू केली की लगेच शाबासकी आणि भाकरीचा तुकडा द्यावा. मुलांना सांगावे की कुत्रा खात असताना, झोपला असताना किंवा कुत्री पिल्लांपाशी असताना तिला हात लावायचा नाही.

मादी पिल्लू कुणी घेत नाही, म्हणून ती रस्त्यावर सोडली जातात आणि पुढच्या वर्षी रस्त्यावर तिची पिल्ले दिसतात. कुत्री साधारण सहा ते बारा महिन्यांच्या वयात पहिल्यांदा माजावर येते आणि गाभण राहिल्यापासून दोन महिन्यांत विते. सहा महिन्यांनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने शस्त्रक्रिया करून घेतली तर हा फेरा थांबतो आणि पुढे गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही टळतो.

पिल्लाचा दात लागला तर

आता सर्वांत महत्त्वाचे. पिल्लाला रेबीज होत नाही, अशी समजूत फार खोलवर रुजलेली आहे. ती पूर्णपणे चुकीची आहे. पिसाळलेला कुत्रा पिल्लांना चावला, तर त्यांनाही रेबीज होतो. आणि हिशेब करून पाहा. रेबीजची लस पिल्लाला सहसा तिसऱ्या महिन्यात मिळते. म्हणजे ज्या वयात पिल्लू बिनलसीचे असते, त्याच वयात मुले त्याच्याशी सर्वांत जास्त खेळतात आणि त्याचे सुईसारखे दात मुलांच्या हातापायांना लागतात. रक्त आले नाही म्हणून मूल सांगत नाही. सांगितले तरी घरचे म्हणतात, ‘पिल्लूच तर आहे!’ पुढे दोन दिवसांत पिल्लू मरते. लोक म्हणतात, गॅस्ट्रोने गेले असेल. पिल्लाला परसात पुरतात आणि विषय संपतो. खरे तर तो तेथे सुरू होतो.

पिसाळलेले जनावर दर वेळी लाळ गाळत अंगावर धावून येईलच असे नाही. रेबीजचा एक मुका प्रकार असतो. त्यात कुत्रा कोपऱ्यात पडून राहतो, खालचा जबडा लोंबतो, गिळता येत नाही, लाळ गळते. घशात हाड अडकले असे वाटून मालक तोंडात हात घालतो. असे कधीही करू नये.

माणसात लक्षणे साधारणतः दोन-तीन महिन्यांनी दिसतात, कधी आठवड्यात, कधी वर्षाने. एकदा लक्षणे दिसली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. त्याआधी मात्र हा रोग लसीने हमखास थोपवता येतो. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस दिली आणि तो वाचला. इतका जुना आणि खात्रीचा उपाय हाताशी असताना, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने मरतात. ज्यांना चावा बसतो त्यांत १५ वर्षांखालील मुलांचे प्रमाण सुमारे ४० टक्के आहे.

म्हणून पिल्लाचा किंवा कुत्र्याचा दात लागला, नख ओरबाडले किंवा जखमेवर त्याची लाळ लागली, तर पुढील गोष्टी याच क्रमाने कराव्यात. प्रथम जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण विषाणू तेथेच मोठ्या प्रमाणात नष्ट होतो. नंतर आयोडीन किंवा स्पिरिट लावावे. चटणी, चुना, हळद, तेल यांपैकी काहीही लावू नये, पट्टी आवळू नये. मग त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. तेथे ही लस मोफत मिळते.

जुन्या माणसांच्या मनात पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून आहे. ती जुनी लस आता राहिलेली नाही, भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. आता लस दंडात देतात. दंडाच्या स्नायूत द्यायची असेल तर पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, कातडीत द्यायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलेल्या जखमेत याशिवाय इम्युनोग्लोब्युलिन नावाचे औषध जखमेभोवती टोचावे लागते. ते दिले आहे का, हे विचारून घ्यावे. मधली मात्रा चुकवू नये.

चावलेल्या कुत्र्याला किंवा पिल्लाला मारू नये, हाकलू नये. त्याला सुरक्षित बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवावे. दहा दिवस ते धडधाकट जगले तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असे समजतात आणि पुढच्या मात्रांविषयी डॉक्टर निर्णय घेतात. मात्र दहा दिवस वाट पाहून मग लस सुरू करायची, असे नव्हे. लस पहिल्या दिवशीच सुरू करावी. या काळात पिल्लू मेले किंवा नाहीसे झाले, तर ही गोष्ट डॉक्टरांना लगेच सांगावी. ज्यांनी ज्यांनी त्याला हाताळले, चाटू दिले, त्या साऱ्यांची यादी करावी. त्यात शेजारची मुले विसरू नयेत. पिल्लाच्या आईचे काय झाले ही चौकशी सुरुवातीलाच करून ठेवावी असे म्हटले, ते याचसाठी.

मुलांना एक गोष्ट मात्र प्रेमाने पटवून द्यावी. दात लागल्याचे सांगितले तर मार बसेल किंवा पिल्लू घरातून जाईल, या भीतीने मुले गप्प राहतात. ‘सांगितलेस तर रागावणार नाही आणि पिल्लूही कुठे जाणार नाही’ असे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

रोजची पाच मिनिटे

रोज संध्याकाळी खायला घालताना पाच मिनिटे पिल्लाकडे नीट पाहावे. डोळे स्वच्छ आहेत का, नाक वाहते का, हिरड्या गुलाबी आहेत का? हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावी. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच जागेवर बसावी. हळू बसली तर अंगात पाणी कमी आहे. कुत्र्याचे सामान्य तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. आपल्या हाताला ते गरमच लागते, म्हणून हात लावून ताप ठरवू नये.

एवढे केले तर पिल्लू बारा-तेरा वर्षे साथ देते. दप्तर घेऊन त्याला घरी आणणारा मुलगा तोवर कॉलेजात जाऊ लागतो. पिल्लू घरी आले त्याच आठवड्यात दवाखान्यात जाऊन त्याचे कार्ड करून घ्या. दूध, पोते आणि नाव हे तर प्रत्येक घर देतेच.